आवाज : आतला आणि बाहेरचा

मॉडेल : ब्याण्णव.

एक शिंक.

एक दिवसाच्या पिल्लाला दाणा लागत नाही. पोटात अंड्यातला थोडा बलक शिल्लक असतो, त्यावर त्याचं भागतं.

परीटघडीचा पांढरा शर्ट.

दिगूमामा फोनवर चार वेळा 'हॅलो' म्हणतो आणि मुद्दा एकदाच सांगतो.

सायकलची ट्यूब, पंक्चर झालेली, सव्वा मीटर.

'माझ्या पोरीच्या पत्रिकेत मंगळ नाही, भोंगा आहे.' (आई, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना.)

ताई.

*

"वर्ष कुठलं?" त्यानं विचारलं.

"ब्याण्णव," मी म्हणाले.

तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला होता. मांडीवर वही, पायाशी काळी बॅग. रविवारची सकाळ, आठ वाजत आलेले. आमची डिझेल पिकअप मी बंद पडलेल्या खडी क्रशरपाशी उभी केली होती. तिथून दोन किलोमीटर रस्ता सुतात सरळ जातो आणि रविवारी त्यावर कुत्रंही नसतं. 'सरळ आणि निवांत रस्ता हवा' असं त्यानंच म्हटलं होतं. मुलगी बघायला आलेला मुलगा चहासुद्धा न घेता मुलीला गावाबाहेर चला म्हणतो, याचं मला जरा कौतुकच वाटलं होतं. धीट आहे, म्हटलं. मग पळवून लावायलाही मजा येईल.

"ब्याण्णव?" त्याचं पेन थांबलं. त्यानं डॅशबोर्डकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वाटत नाही."

"सगळेच म्हणतात."

"रंग मूळचाच?"

"मूळचाच. उन्हानं उतरलाय थोडा."

"आधी कुणी बघून गेलंय?"

"तिघं."

"मग? काय म्हणाले?"

"आवाज मोठा आहे म्हणाले."

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. डॉक्टर हलवतात तशी. "असतो. पण कमी करता येतो. कुठं तरी एखादा स्क्रू ढिला असतो. आवळला की गप्प बसते."

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. कशाला तरी धरून ठेवणं गरजेचं होतं.

*

मला सव्विसावं चालू होतं. आप्पांचा गुडघा गेला त्याला तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून पिकअप मीच चालवत होते. कडबा, पेंड, सिमेंट, पाइप, एकदा शेजारच्या गावच्या मंडळाचा गणपती. डिझेलच्या इंजिनाशेजारी बसून दिवसभर बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, आणि संध्याकाळी खाली उतरल्यावर घसा ते लगेच विसरत नाही. तिसऱ्या स्थळाची आई जाताना म्हणाली होती, "मुलगी कामाची आहे हो. पण हिनं जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण घेऊन येईल."

आप्पांनी स्पष्टच सांगितलं होतं. तू लग्न करून जाणार, मग गाडी कोण चालवणार? अंडी उबवून पिल्लं विकणारी एक हॅचरी तालुक्याला होती. तिचं वर्षभराचं वाहतुकीचं काम मिळालं तर गाडी राहील, मग लग्नाचंही माझ्या मनानं. नाही मिळालं तर मंगळवारी दूध संकलनवाला बाबर येऊन गाडी घेऊन जाईल. सौदा तोंडी झालेला होता.

हॅचरीचा माणूस सोमवारी गाडी बघायला येणार होता. स्थळ रविवारी दुपारी मला बघायला येणार होतं. माझा बेत अगदी सोपा होता. रविवारी नकार मिळवायचा, सोमवारी काम.

शनिवारी संध्याकाळी कडब्याची खेप घेऊन मी साठच्या वेगानं येत होते, दोन्ही काचा खाली. दिगूमामाचा फोन आला. दिगूमामा आईचा भाऊ. तालुक्यातली सगळी स्थळं आणि सगळी कामं त्याच्या एकाच डायरीत असतात.

"हॅलो, हॅलो, हॅलो, हॅलो! उद्या सकाळीच येत्यात बघायला!"

पुढचं सगळं कडब्यानं आणि वाऱ्यानं खाल्लं.

"बरं!" मी ओरडले.

म्हणजे स्थळ दुपारऐवजी सकाळी. मुलगा मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे, एवढंच मला माहीत होतं. नाव मी विचारलं नव्हतं. नकार घ्यायचाय त्याचं नाव कशाला हवं?

*

त्यानं बॅग उघडली. आतून टीव्हीच्या रिमोटसारखं काहीतरी काढलं. टोकाला स्पंजचा काळा गोळा, लिंबाएवढा.

"हे काय?"

"आवाज मोजायचं यंत्र. आधी आतला मोजू, मग बाहेरचा. सगळ्या बाजूंनी."

मामानं तोंड उघडलं होतं तर. 'पोरीचा आवाज जरा मोठा हाय' असं प्रामाणिकपणे सांगून टाकलं असणार. आजवरचे तिघं नुसत्या कानांनी ऐकून गेले. हा पहिलाच, जो यंत्र घेऊन आला होता.

"किती चालेल तुम्हाला?" मी विचारलं.

"ऐंशी डेसिबल."

"आणि ऐंशीच्या वर गेली तर?"

"मग नाही घेता येणार. साहेबांनीच सांगून ठेवलंय."

बापाला साहेब म्हणतो. बरं.

"ऐंशीच का?"

"लहान पिल्लं दचकतात हो."

"पिल्लं?" मी म्हणाले. "आत्तापासून पिल्लं?"

"त्यांचा विचार आधीच केलेला बरा," तो शांतपणे म्हणाला. "नंतर फार जड जातं."

त्यानं यंत्र माझ्या कानाशी धरलं. कानापासून वीतभर. "मी हात वर केला की तीस सेकंद अजिबात बोलायचं नाही."

चौघांपैकी इतका सरळ हाच निघाला, हे खरं. बाकीच्यांनी हीच अट लग्नानंतरसाठी राखून ठेवली असती.

*

वही कार्बनची होती. पिवळी प्रत माझ्याकडं आहे. त्याच्या अक्षरात :

उभी, न्यूट्रल, काचा बंद, चालकाच्या कानाशी : ६३. शेरा : काही नाही.

तेच, पुन्हा एकदा : ८९. शेरा : चालक शिंकल्या.

तेच, पुन्हा एकदा : ९१. शेरा : चालक पुन्हा शिंकल्या. सर्दी नाही म्हणतात.

ताशी तीस, चालकाच्या कानाशी : ८८. शेरा : चालक गात आहेत.

ताशी चाळीस : ९३. शेरा : दुसरं कडवं.

हौद्यात, मधोमध, ताशी चाळीस : ८९. शेरा : खड्डा. टाळता आला असता.

हौद्यात, ताशी पन्नास : ९२. शेरा : फाळका आपटतो. हॉर्न. रस्त्यावर कोणी नव्हतं.

मागच्या हौद्यात कशाला मोजताय, असं मी मध्येच विचारलं होतं. "मागच्यांना किती त्रास होतो, ते मुख्य," तो म्हणाला. मला हौद्यात बसवलेली त्याच्या घरची सगळी मंडळी दिसली. सासू, दोन नणंदा, साहेब. तो खड्डा मी त्यांच्यासाठी घेतला.

त्याचा तोल मात्र जात नव्हता. मी शिंकले की तो "देव भलं करो" म्हणायचा आणि आकडा लिहायचा. गायला लागले तेव्हा त्यानं बोटानं मांडीवर ठेका धरला, मग एकदम भान आल्यासारखा हात मागं घेतला आणि शेरा लिहिला. असा माणूस पळवून लावायचा तरी कसा? धक्का दिला तर धक्क्याची नोंद करून घेतो.

*

मग तो खाली उतरला. टेप लावून गाडीपासून सात मीटर मोजले, खडूनं रस्त्यावर फुली मारली आणि यंत्र छातीशी धरून फुलीवर उभा राहिला.

"आता बाहेरचा!" तो ओरडला. मी काच खाली घेतली. "मी हात केला की फुल द्या! राखून ठेवू नका! जेवढी ताकद आहे तेवढी सगळी!"

पंचवीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानं हात वर केला. मी अर्धी खिडकीबाहेर आले.

"मी गाडी सोडणार नाही!" मी म्हणाले. 'म्हणाले' हा शब्द इथं अगदी अपुरा आहे. "लग्नाआधी नाही! लग्नानंतर नाही! मीठ मी ओरडूनच मागणार! तुमच्या साहेबांना जाऊन सांगा! आणि पिल्लं माझी असली तर दचकायची नाहीत!"

क्रशरच्या पत्र्यावरचे पारवे उठले आणि गोल फिरून दुसऱ्या पत्र्यावर बसले.

तो यंत्राकडं बघत होता. मग त्यानं वहीत आकडा लिहिला. वही मिटली. सात मीटर चालत खिडकीपाशी आला.

"अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. "ताई, मी इंजिनाचं फुल म्हणत होतो."

मी खिडकीतून आत सरकले.

"आणि लग्न कुणाचं?"

मुलगी बघायला आलेला मुलगा जगातलं काहीही बोलेल. हुंडा मागेल, पगार विचारेल, चालून दाखव म्हणेल. पण तो मुलीला ताई म्हणणार नाही.

मी इंजिन बंद केलं. एवढं शांत झालं की पारव्यांची नखं पत्र्यावर वाजलेली ऐकू आली.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

त्यानं खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. वर हॅचरीचं नाव. खाली : 'विषय : एक दिवसाच्या पिल्लांच्या वाहतुकीसाठी डिझेल पिकअपच्या आतील व सभोवतालच्या आवाजाची मोजणी.' त्याखाली : 'तांत्रिक अधिकारी, सतेज डुबल.'

"तुम्ही सोमवारी येणार होतात," मी म्हणाले. आवाज कुठून तरी लांबून आला. पंचेचाळीस असेल जेमतेम.

"रविवारी रस्ता मोकळा असतो ना, म्हणून. काल दिगंबररावांना फोन केला होता. ते म्हणाले, सांगतो. सांगितलं ना त्यांनी?"

"सांगितलं."

डुबलांनी वही पहिल्या पानावर उघडली. "म्हणजे हे ब्याण्णव..."

"माझं."

"आणि हिचं?"

"दोन हजार बारा."

"तरीच," ते म्हणाले. "हे मॉडेल ब्याण्णवला निघालंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही वस्तू जपून वापरणाऱ्यांतल्या दिसताय."

सकाळपासून या माणसानं 'गाडी' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. वर्ष कुठलं, रंग मूळचाच का, आवळला की गप्प बसते. गाडी 'ती', मीही 'ती'. व्याकरणानं आम्हा दोघींना एकाच सीटवर कोंबलं होतं आणि मी एकटीच आहे असं समजून ओरडत होते.

मग मला हसू आलं. ते थांबेना. डुबल आधी गंभीर होते, मग त्यांना 'पिल्लं' आठवलं असावं, कारण ते रस्त्यावर फुलीपाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी यंत्राचा स्पंज झाकून हसायला लागले. यंत्र चालू राहिलं होतं.

*

हसणं ओसरलं तेव्हा आकडे तिथंच होते.

"हौद्याची सरासरी नव्वद," डुबल म्हणाले. "ऐंशीच्या वरची घेता येत नाही. पिल्लं खरंच दचकतात हो. एका कोपऱ्यात ढीग करतात, खालची गुदमरतात. मी बघितलंय."

"ते पान फाडा ना."

"पानांवर छापील नंबर आहेत."

"खोडा."

"शाईचं आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "दुरुस्तीनंतर एकदा फेरमोजणी चालते. पण मला एकला निघावं लागेल. दोन वाजता पिल्लं बाहेर काढतात, त्या वेळी मी तिथं लागतो."

साडेनऊ झाले होते. मंगळवार यायला दोन रात्री होत्या.

मी गाडी घरी आणली. एवढ्या हळू कधी आणली नसेल. आप्पा कट्ट्यावर बसले होते. मी काही सांगितलं नाही. नुसती हौद्यात चढले आणि जे जे वाजतं ते खाली टाकायला लागले. साखळी, पहार, पान्यांचा डबा, गेल्या वर्षीचे पाइपाचे तुकडे, सीटखालचा जॅक. आप्पा गुडघा धरून उठले, कुंपणाला अडकवलेली सायकलची जुनी ट्यूब काढली आणि कात्रीनं पट्ट्या कापायला बसले.

"मागच्या फाळक्याच्या उजव्या कडीला लाव," ते म्हणाले. "ती पैल्यापास्नं वाजती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पंचवीस वर्सं गाडी हाकलीय मी. ही आली तवापास्नं ती कडी ऐकतोय."

"मग दुरुस्त का नाही केली?"

"वाजती म्हंजे हाय, असं कळायचं." पट्टी ओढून त्यांनी गाठ मारली. डुबलांकडं मान केली. "ह्ये पाव्हणं का?"

"हॅचरीचे."

"मग काल दिगू..." आप्पा थांबले. माझ्या तोंडाकडं बघितलं, डुबलांच्या बॅगेकडं बघितलं. काय झालं ते पुरतं कळलं नसावं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. "आई शिरा करतीया," ते म्हणाले. "खाऊन घ्या. लागंल."

हौद्यात तळाला पाच पोती अंथरली. नंबरप्लेटमागं ट्यूबचा तुकडा. बॉनेटच्या कडेला आईची जुनी नऊवारी फाडून पट्टी. फाळक्याची उजवी कडी गप्प बसली, पण डावी बसेना. तिचा खिळाच झिजला होता. हातानं दाबून धरली तरच वाजत नव्हती.

"कुणीतरी मागं बसून धरायला हवी," मी म्हणाले.

आप्पांचा गुडघा. डुबलांना मोजायचं. आई चुलीपुढं. बारा वाजायला आले होते. मी गाडी तशीच क्रशरकडं काढली.

*

क्रशरपाशी डुबल हौद्यात यंत्र बांधत होते, तेवढ्यात मोटरसायकल आली. पुढं दिगूमामा. मागं एक उंच मुलगा, परीटघडीचा पांढरा शर्ट, डोळे धुळीनं बारीक झालेले.

"हॅलो, हॅलो, हॅलो, हॅलो!" मामा समोर उभा राहूनही म्हणाला. "अगं, मंडळी घरात येऊन बसल्यात! त्यांची आई, चुलता, सगळी! आन् नवरीमुलगी क्रशरवर! ह्ये रणधीर. मीच म्हटलं, चला, तिथंच बघा!"

"नमस्कार," रणधीर म्हणाला.

"तुम्हाला गप्प बसता येतं का?" मी विचारलं.

"हर्षे!" मामा ओरडला.

रणधीरनं जरा विचार केला. "येतं."

"अजिबात? शिंक आली तरी?"

"प्रयत्न करीन."

"मग मागं चढा. ती डावी कडी दोन्ही हातांनी धरायची. सुटली तर माझी गाडी गेली."

मामा कपाळ धरून मोटरसायकलवर बसला. रणधीरनं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि चढला. पोत्यांवर मांडी घातली. पांढऱ्या शर्टाला पाठीमागं लगेच कडब्याची धूळ लागली. कडी त्यानं अशी धरली की जणू तिला ताप आलाय.

डुबल माझ्या शेजारी बसले. हात वर केला.

*

तीस.

चाळीस. तो मोठा खड्डा उजवीकडं ठेवून. त्यापुढचा छोटा चाकांच्या मधून. मोरीच्या अलीकडं पाय उचलायचा, म्हणजे ब्रेक लागत नाही. हे मला तीन वर्षं येत होतं, पण ते मला येतंय, हे मला माहीत नव्हतं. गिअर आधीच बदलला तर इंजिन कण्हत नाही. पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मी तोंडानं श्वास घेत होते, कारण नाकाचा आवाज येत होता. डुबलांची बोटं मांडीवर एकदा हलली आणि थांबली. आरशात रणधीरचं डोकं दिसत होतं, खाली घातलेलं.

पन्नास.

वळून परत. असं तीन वेळा, कारण तीन मोजण्या लागतात.

मुलगी बघायला आलेल्या मुलाला घरातली माणसं 'दहा मिनिटं बोला दोघं' म्हणून बाहेर सोडतात. आम्ही चौदा मिनिटं न बोलता काढली, मध्ये लोखंडाची भिंत ठेवून.

मी गाडी उभी केली आणि खाली उतरून मागं गेले. रणधीर कडी तशीच धरून बसला होता. चेहरा हिरवट पिवळा.

"झालं," मी म्हणाले. "सोडा. आता बोला."

त्यानं मान हलवली, उडी मारली, क्रशरच्या भिंतीमागं गेला आणि ओकला. मामानं देवाचं नाव घेतलं. मी गाडीतली पाण्याची बाटली घेऊन गेले.

"मला गाडी लागते," तोंड पुसत रणधीर म्हणाला. "लहानपणापासून. एसटीत पण पुढं बसतो मी."

"मग सांगायचं ना आधी!"

"सांगणार होतो. पण तुम्ही म्हणालात, बोलायचं नाही."

"कधीपासून होत होतं?"

"पहिल्या वळणापासून." त्यानं चूळ भरली. "कडी नाही सुटली ना?"

मी त्याला नाव विचारलं. मामानं सांगितलं होतं, पण त्याच्याकडून ऐकावंसं वाटलं.

*

घरी आलो तेव्हा पाऊण झाला होता. बाहेरच्या खोलीत रणधीरची आई आणि चुलते ताटल्या हातात धरून बसले होते. मुलाच्या शर्टाकडं बघून आईची ताटली खाली आली. डुबलांनी उभ्यानंच शिरा घेतला आणि दुसऱ्या हातानं वही आप्पांपुढं धरली.

"हौदा, ताशी चाळीस," ते म्हणाले. "सकाळी एकोणनव्वद. आत्ता शहात्तर."

"ट्यूबमुळं," आप्पा म्हणाले.

"ट्यूबचे फार तर चार धरा. पोत्यांचे दोन. राहिले सात. गाडी तीच, रस्ता तोच, खड्डे तेच." शिऱ्याचा घास गिळून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हे सात ह्यांच्या पायातले आहेत. चालकाचे. मी वर्षभर गाड्या मोजतोय, पण असं कधी दाखवता आलं नव्हतं. मुद्दाम वाईट चालवून दाखवणार कोण? सकाळचं पान फाडलं असतं तर मला हे लिहिताच आलं नसतं."

त्यांनी भिंतीला टेकवून वहीत शेरा लिहिला आणि आप्पांना वाचायला दिला. आप्पांनी चष्मा लावून वाचला. मग पुन्हा वाचला. मग मला दिला.

'काम गाडीला देऊ नये. चालकाला द्यावे. गाडी बदलल्यास हरकत नाही. चालक बदलू नये.'

आईच्या हातातला झारा कढईला लागला.

आप्पांनी खिशातून फोन काढला आणि बाबरला लावला. बाबरकडं दूध संकलनाची यंत्रं चालू असतात. त्याला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.

"गाडी!" आप्पा ओरडले. "न्हाई द्यायची! गाडी! न्हाई! कारन? कारन पोरगी चालवतीया!"

रणधीरच्या आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. डुबलांनी सवयीनं यंत्र वर धरलं होतं.

"सत्त्याऐंशी," ते म्हणाले.

"घराण्यातच हाय," दिगूमामा पाहुण्यांकडं बघून म्हणाला. "आधीच सांगितलेलं बरं."

रणधीर दारात उभा होता, पाठीला धूळ घेऊन. त्याला आधी खुदकन हसू आलं, मग माझ्याकडं बघून जास्त आलं, आणि ते थांबवण्यासाठी त्यानं दाराची कडी दोन्ही हातांनी धरली.

त्याचा होकार तीन दिवसांनी आला. मी पाच दिवस घेतले. पुढच्या आठवड्यात पहिली खेप गेली, चार हजार पिल्लं, पासष्ट किलोमीटर. एकही ढीग नाही.

*

त्या रविवारी साडेसात वाजता सतेज डुबल आमच्या फाटकात आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "नमस्कार, मी हॅचरीतून आलोय." इंजिन चालू होतं.